भाडं वजनाचं घ्या, पोतं उघडू नका

जून २०१५. दहावीच्या निकालाचा दिवस. माझ्या मावसभावाचं तालुक्याच्या गावी मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. त्या दुपारी मी तिथेच बसलो होतो. एकच्या सुमारास गल्लीतली एक मुलगी वडिलांचा फोन घेऊन धावत आली. मैत्रिणीने निकालाची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली होती. मेसेज आलेला दिसत होता, पण लिंकवर बोट ठेवलं की नुसतं पांढरं पान. फोन बिघडला म्हणून ती रडकुंडीला आली होती. भावाने फोन हातात घेतला, नंबर डायल करून शिल्लक बघितली आणि म्हणाला, "बाळा, फोनला काही झालेलं नाही. बाबांनी व्हॉट्सॲपचा पॅक टाकलाय, नेटचा नाही."

"पण दादा, व्हॉट्सॲप म्हणजे नेटच ना?"

भावाने दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिचा आसन क्रमांक टाकला आणि निकालाचं पान छापून हातात दिलं. पैसे घेतले नाहीत.

तेव्हा असे पॅक सर्रास मिळायचे. व्हॉट्सॲपचा वेगळा, फेसबुकचा वेगळा, थोडक्या रुपयांत कित्येक दिवस चालणारे. पूर्ण नेटचा एक जीबी घ्यायला अडीचशेच्या आसपास मोजावे लागत, म्हणून रोजंदारीवरचा माणूस छोटा पॅकच टाकायचा आणि भाऊही तोच सुचवायचा. मीसुद्धा त्याला गरिबाची सोय म्हणत आलो होतो. त्या घरात नेट पोहोचलं होतं हे खरं, पण ते एका कंपनीच्या उंबरठ्यापर्यंत. बोर्डाचं संकेतस्थळ, शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा हे सगळं उंबरठ्याबाहेर राहिलं होतं. आणि घरातल्या कोणालाही आपण कुंपणात आहोत याची कल्पना नव्हती, कारण कुंपणाच्या आतलं सगळं व्यवस्थित चालत होतं.

या विषयाला जगभर नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. कायद्याचे अमेरिकी प्राध्यापक टिम वू यांनी २००३मध्ये हा शब्द रूढ केला. आपल्याकडे वर्तमानपत्रांनी 'नेट समानता' असा प्रतिशब्द चालवला. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. मी किती डेटा वापरला याचे पैसे दूरसंचार कंपनीने जरूर घ्यावेत. कोणाचा वापरला, कशासाठी वापरला यावर दर ठरवू नये आणि वेगही ठरवू नये. टेम्पोवाल्याने भाडं वजनाचं घ्यावं, पोतं उघडून आत कोणाच्या शेतातला कांदा आहे ते बघू नये.

हे वरवर इतकं साधं आहे की त्यावर भांडण कशाला व्हावं, असं वाटेल. पण भांडण झालं, आणि आपल्या देशात ते फार मोठं झालं. डिसेंबर २०१४मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉलसाठी वेगळा, चढा दर जाहीर केला. लोक खवळले आणि आठवड्याभरात तो मागे घ्यावा लागला. २७ मार्च २०१५ला ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या नियामक संस्थेने, या विषयावर ११८ पानांचं सल्लामसलतपत्र काढून २० प्रश्न विचारले. अशा किचकट दस्तऐवजाला एरवी कंपन्यांचे वकील आणि चार अभ्यासू मंडळी उत्तरं देतात. या वेळी दहा लाखांवर ई-मेल गेले. (पुढे ट्रायने ती उत्तरं पाठवणाऱ्यांच्या ई-मेल पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकली, हा निष्काळजीपणा मला आजही खटकतो.)

त्याच एप्रिलमध्ये 'एअरटेल झिरो' आलं. कल्पना अशी, की ॲपवाल्या कंपनीने एअरटेलला पैसे द्यायचे आणि ग्राहकाला ते ॲप फुकट वापरू द्यायचं. ग्राहकाला फुकट मिळतंय, मग तक्रार कोणाची? तक्रार अप्पा बळवंत चौकातल्या त्या पुस्तकविक्रेत्याची, ज्याने मराठी पुस्तकं विकायला स्वतःची वेबसाइट काढली आहे. फ्लिपकार्ट उघडायला पैसे पडत नाहीत आणि त्याचं दुकान उघडायला पडतात, अशी स्थिती झाली तर गिऱ्हाईक कुठे जाईल? त्याची पुस्तकं वाईट नाहीत, दर जास्त नाहीत, घरपोच सेवाही चोख आहे. तरी तो हरला, कारण रस्त्याच्या मालकाला द्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. लोकांनी हे ओळखलं आणि इतका आवाज केला की एअरटेल झिरोत सामील होण्याची बोलणी करणारं फ्लिपकार्टच १४ एप्रिलला त्यातून बाहेर पडलं.

फेसबुकचं प्रकरण याहून अवघड होतं, कारण तिथे गरिबाचा चेहरा पुढे होता. १० फेब्रुवारी २०१५ला रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर त्यांनी इंटरनेट डॉट ऑर्ग सुरू केलं. सुरुवातीच्या सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागांत, महाराष्ट्रही होता. पुढे त्याचंच नाव 'फ्री बेसिक्स' झालं. डेटाचे पैसे न देता निवडक संकेतस्थळं बघायची सोय होती. विरोध वाढला तसा जाहिरातींचा पाऊस पडला, आणि डिसेंबर २०१५च्या अखेरीस मार्क झुकरबर्ग यांनी इंग्रजी वर्तमानपत्रात स्वतः लेख लिहिला. त्यात उदाहरण होतं महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं, जो फ्री बेसिक्सवर हवामान आणि बाजारभाव बघतो. या शेतकऱ्याला कोण विरोध करेल, असा त्यांचा प्रश्न होता.

त्या शेतकऱ्याला हवामान फुकट कळलं याचा मला आनंदच आहे. पण त्याला फक्त बघणारा का धरायचं? उद्या त्याच्याच गावातल्या पोरांनी लासलगाव, पिंपळगावच्या कांद्याचे रोजचे भाव मराठीत सांगणारं संकेतस्थळ काढलं, तर ते कोणत्या रांगेत उभं राहील? फ्री बेसिक्समध्ये यायचं तर फेसबुकने ठरवलेल्या नियमांत बसावं लागे आणि येणारी-जाणारी माहिती त्यांच्या सर्व्हरमधून जाई. म्हणजे गावातल्या पोरांना गावातल्याच शेतकऱ्यापर्यंत पोहोचायला कॅलिफोर्नियातल्या कंपनीची संमती लागणार. मराठीसारख्या भाषेला हे फार महाग पडतं. आपली बहुतेक संकेतस्थळं, पॉडकास्ट, डिजिटल दिवाळी अंक हे दोन-चार माणसांनी पदरमोड करून चालवलेले असतात. फुकटच्या यादीत आधी कोण बसेल? ज्याच्याकडे वाटाघाटी करायला माणसं आहेत तो. ही दोन-चार माणसं त्या टेबलापर्यंत कधी पोहोचणारच नाहीत.

८ फेब्रुवारी २०१६ला ट्रायने आर. एस. शर्मा यांच्या अध्यक्षतेखाली निर्णय दिला. कोणता मजकूर बघितला यावरून डेटाचा दर कमी-जास्त करायला बंदी; मोडल्यास दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड; अपवाद आणीबाणीच्या सेवांचा. फ्री बेसिक्स आपल्याकडे बंद झालं. २०१८मध्ये सरकारने वेगाच्या भेदभावालाही मनाई करणारी तत्त्वं मान्य केली आणि ती कंपन्यांच्या परवान्यांत घातली. अमेरिकेत हा नियम २०१५ला आला, २०१७ला गेला, २०२४ला परत आला आणि जानेवारी २०२५मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने पुन्हा काढून टाकला. आपला नियम टिकला, याचा मला अभिमान वाटतो.

माझ्या एका मित्राने, तो वीज कंपनीत अभियंता आहे, मला अडवलं होतं. "घरगुती विजेचा दर वेगळा, दुकानाचा वेगळा, शेतीपंपाचा वेगळा. मग नेटचेच दर एक का?" प्रश्न चांगला आहे. पण विजेत दर ठरतो तो ग्राहकाच्या वर्गावर. तो वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेऊन ठरवतो, आणि त्या वर्गातल्या प्रत्येकाला तो सारखाच लागतो. अमुक कंपनीचा फ्रिज लावलात तर युनिट फुकट आणि तमुक कंपनीचा लावलात तर आठ रुपये, असं मीटर कधी सांगत नाही. सांगू लागलं तर वर्षभरात बाजारात एकाच कंपनीचे फ्रिज उरतील. विद्यार्थ्यांना, ज्येष्ठांना, दुर्गम गावांना नेट स्वस्त द्या, माझी हरकत नाही. माणसाकडे बघून सवलत द्या, मजकुराकडे बघून नको.

"तुमच्या तत्त्वापायी गरीब नेटशिवाय राहील," हा त्या वेळचा सर्वांत बोचरा आक्षेप होता, आणि तो मी कधी हसण्यावारी नेला नाही. त्याचं उत्तर सात महिन्यांत बाजारानेच दिलं. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं आणि डेटाचे दर कोसळले. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१४मध्ये एक जीबी साधारण २६९ रुपयांना पडायचा. आज तो दहा रुपयांच्या आसपास आहे. ट्रायच्या निर्णयामुळे हे झालं असं मी म्हणत नाही. पण कुंपणातलं फुकट नेट हाच गरिबाचा एकमेव मार्ग आहे, हा दावा या स्वस्ताईने खोटा ठरवला. भावाच्या दुकानातले व्हॉट्सॲप पॅक कधी बंद झाले ते त्यालाही आठवत नाही. कोणी मागायलाच येईना.

त्या दरयुद्धाचं दुसरं टोकही सांगायला हवं. तेव्हा देशात डझनभर मोबाइल कंपन्या होत्या. आज तीन खासगी आणि एक सरकारी, एवढ्याच उरल्या. एक कंपनी आडमुठेपणा करेल तर ग्राहक दुसरीकडे जाईल, हा युक्तिवाद २०१५मध्ये थोडाफार चालून जायचा. जुलै २०२४मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दर वाढवले तेव्हा जायचं कुठे, हे कोणी सांगू शकलं नाही. पर्याय जितके कमी, तितका हा नियम जास्त गरजेचा.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १८५३मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली, पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाडातल्या कापसापर्यंत पोहोचली. रस्ता खासगी कंपनीचा, माल सगळ्यांचा. या कंपन्यांचे दर असे असत की बंदराकडे जाणारा आणि बंदरातून येणारा माल स्वस्तात जाई; देशातल्या एका गावचा माल दुसऱ्या गावी न्यायचा तर भाडं चढं. कापूस बाहेर जायला आणि कापड आत यायला रस्ता सोपा, आपल्या कारखानदाराला मात्र अवघड. १९१६-१८च्या औद्योगिक आयोगापुढेही ही तक्रार आली. गंमत नाही, गंभीर गोष्ट ही की १८९०च्या रेल्वे कायद्यात एखाद्या माणसाला किंवा मालाला अवाजवी झुकतं माप देऊ नये, असं कलम होतं. कलम पुस्तकात होतं आणि दरपत्रक स्टेशनात, आणि व्यापाऱ्याला दरपत्रकाप्रमाणेच पैसे मोजावे लागत. मी २०१६च्या नियमाकडे बघतो तेव्हा मला हे कलम आठवतं. नियम छापून झाला एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही.

कारण मागणी आता दुसऱ्या दाराने आली आहे. गेली काही वर्षं मोबाइल कंपन्यांची संघटना म्हणते आहे की यूट्यूब, नेटफ्लिक्स, व्हॉट्सॲप आमच्या जाळ्यावर प्रचंड भार टाकतात आणि आम्हाला काही देत नाहीत. त्यांनी 'योग्य वाटा' द्यावा. त्यांच्या बाजूने एवढं मान्य केलं पाहिजे की खर्च खरा आहे. २०२२च्या ५जी लिलावात स्पेक्ट्रमची, म्हणजे मोबाइलसाठी लागणाऱ्या हवेतल्या लहरींची, बोली दीड लाख कोटींवर गेली, त्यावर टॉवर, फायबर, वीजबिल. पण भार कोण टाकतं? यूट्यूब आपणहून माझ्या फोनमध्ये शिरत नाही. मी व्हिडिओ मागवतो, आणि तो आणून देण्याचे पैसे मी रिचार्ज करतानाच भरलेले असतात. मोठ्या कंपन्या स्वतःच्या खर्चाने सर्व्हर आणून इथल्या दूरसंचार कंपन्यांच्या दारात ठेवतात, म्हणजे समुद्रापलीकडून माल आणायचा खर्चही बराचसा तेच उचलतात. एकाच पार्सलचे घेणाऱ्याकडूनही घ्यायचे आणि पाठवणाऱ्याकडूनही, असा हा वाटा आहे. लोकांना नेट हवं असतं ते या मजकुरासाठीच. तो नसता तर दिवसाला दोन जीबीचा पॅक कोणी घेतला असता?

दक्षिण कोरियाने हा मार्ग धरला. तिथे २०१६पासून ज्या जाळ्यातून माहिती पाठवली जाते त्याने समोरच्या जाळ्याला पैसे द्यायचे असा नियम आहे, आणि तो बोजा शेवटी मजकूरवाल्यांवर येतो. गेम खेळतानाचं थेट प्रक्षेपण करणाऱ्या ट्विच या सेवेने आधी तिथल्या व्हिडिओचा दर्जा कमी केला आणि २७ फेब्रुवारी २०२४ला देशातून गाशा गुंडाळला. कोरियातलं जाळ्याचं शुल्क इतर देशांच्या दहापट पडतं, असं तिने कारण दिलं. ट्विचच्या मागे ॲमेझॉन आहे. ॲमेझॉनला जे पेललं नाही ते कोल्हापुरातल्या एखाद्या स्टार्टअपला कसं पेलणार?

आम्ही फक्त बड्यांकडूनच मागू, लहानांना हात लावणार नाही, असं कंपन्या सांगतात. नाका एकदा उभा राहिला की कोणती गाडी लहान हे नाकेवालाच ठरवतो. त्यात आपल्याकडे रस्त्याचा मालक आणि दुकानाचा मालक एकच होत चालला आहे. देशातली सर्वांत मोठी मोबाइल कंपनी आणि सर्वांत मोठ्या व्हिडिओ सेवांपैकी एक, जिओहॉटस्टार, एकाच उद्योगसमूहाच्या घरातल्या आहेत. रिचार्जबरोबर त्या सेवेचं सदस्यत्व देणं मला गैर वाटत नाही, जोवर ती बघताना खर्च होणारा डेटा आणि दुसरं काही बघताना खर्च होणारा डेटा एकाच मापाने मोजला जातो. उद्या 'योग्य वाटा' सुरू झाला तर समूह स्वतःच्या सेवेकडून पैसे घेईल तेव्हा ते एका खिशातून दुसऱ्या खिशात जातील. बाकीच्यांचे मात्र खरोखर जातील.

वेगाचं काय? जुलै २०२०मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाच्या महागड्या पोस्टपेड ग्राहकांना आधी वाट देणाऱ्या योजना ट्रायने रोखल्या होत्या. रोखणं बरोबर होतं. रस्ता रुंद न करता एकाला पुढे काढलं की दुसरा मागे पडतो. ५जीमध्ये एकाच जाळ्याच्या वेगवेगळ्या मार्गिका करता येतात. रुग्णवाहिकेतून रुग्णालयाला थेट माहिती जात असेल तर तिला वेगळी मार्गिका मिळालीच पाहिजे, ट्रायच्या २०१७च्या शिफारशींतही अशा खास सेवांना जागा ठेवली आहे. पण त्या खिडकीतून पैसेवाल्याचा व्हिडिओ आत येऊ नये, यावर रोज लक्ष ठेवायला कोणीतरी हवं. अशा देखरेखीसाठी कंपन्या, ग्राहक, अभ्यासक यांचं एकत्र मंडळ असावं, अशी शिफारस ट्रायने सप्टेंबर २०२०मध्ये केली होती. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच सांगितलं आहे. त्या भाड्याने घेणाऱ्यांचा कारभार जनतेला बघता आला पाहिजे.

एका बाबतीत मात्र नेट समानतेच्या बाजूने बोलणारे आम्ही सगळेच कमी पडलो. मजकुराच्या भेदावर आम्ही घसा कोरडा केला आणि फोन नुसता चालू ठेवायलाच किती पडतं याकडे बघितलं नाही. माझी आई बटणांचा फोन वापरते. मामाचा, माझा आणि डॉक्टरांचा, असे तीन नंबर तिला लागतात. नेट काय ते तिला माहीत नाही, तरी कित्येक महिने रोजच्या डेटासकट असलेला रिचार्ज तिच्या फोनवर मारावा लागला, कारण परवडेल असा दुसरा नव्हताच. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक काढायला लावले, आणि ते आले. पण ८४ दिवसांना साडेचारशे रुपयांच्या घरात. महिन्याकाठी दीडशेच्या वर रुपये, केवळ तीन नंबर लावण्यासाठी.

जो हे भरू शकत नाही त्याच्याकडे उद्या पुन्हा कोणीतरी फुकट कुंपण घेऊन जाईल, आणि तो ते घेईल. त्याला दोष देता येणार नाही. यावरचा उपाय ट्रायनेच १९ डिसेंबर २०१६ला सुचवला होता: ग्रामीण ग्राहकाला महिन्याला १०० एमबी डेटा मोफत द्यावा, खर्च दूरसंचार कंपन्यांच्या वर्गणीतून जमणाऱ्या सार्वत्रिक सेवा निधीतून करावा. कोणत्याही एका ॲपचा नाही, अख्ख्या नेटचा. त्या निधीचं नाव आता डिजिटल भारत निधी आहे. ती शिफारस कपाटातून काढावी, १०० एमबीचे निदान एक जीबी करावेत आणि ग्रामीण ही अट काढून रेशनकार्डाशी जोडावी, कारण पिंपरीच्या झोपडपट्टीतही असे फोन आहेत. बोर्डाच्या निकालाचं पान उघडायला एका जीबीचा हजारावा भागही पुरतो.